मी अडवलेला उजेड

मी एक काच बोलते आहे, आणि बोलण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करते: धडक मी पाहिलेली नाही. ती झाली त्या संध्याकाळी मी कॅमेऱ्याच्या पिशवीतल्या आतल्या कप्प्यात, माझ्या गोल डबीत बंद होते. सायकलवरून घरी निघालेली परिचारिका वळणावर कशी पडली, तिला लागलेली काळी गाडी कोणती, ती क्षणभर तरी थांबली की नाही, यातले काहीही मला ठाऊक नाही. न पाहिलेले सांगणाऱ्यांची जगात वानवा नाही. त्यांत माझी भर नको.

मला सांगता येते ते त्याच दिवशीच्या सकाळचे. तेही अपुरे आहे. ते अपुरे का राहिले, हे सांगण्यासाठी मला माझ्या जन्मापासून सुरुवात करावी लागेल.

दुकानाच्या भाषेत मी पोलरायझर. तळहातावर मावेन एवढी, राखाडी रंगाची, काळ्या धातूच्या दुहेरी कडीत बसवलेली. मला लेन्सच्या तोंडावर आट्यांवरून फिरवून बसवतात. मागची कडी घट्ट राहते, पुढची माझ्यासकट फिरते. दिसायला मी एक काच असले तरी आत दोन काचा आहेत आणि त्यांच्यामध्ये एक पातळ पडदा. कारखान्यात तो पडदा ओला असताना दोन टोकांना धरून इतका ताणला होता की त्याचा कण न् कण एका दिशेने रांगेत उभा राहिला. त्या ताणातून माझा स्वभाव ठरला. उजेड चहू दिशांनी थरथरत येतो. माझ्या रांगांना जुळणारी थरथर मी पुढे जाऊ देते, न जुळणारी अडवते. पाणी, काच, गाडीचा रंग अशा गुळगुळीत पृष्ठभागावरून उडालेला उजेड तिरपा आला की पुष्कळसा एकाच दिशेने थरथरत असतो. मला नेमके फिरवले की तो माझ्यात अडतो आणि पृष्ठभागावरचे प्रतिबिंब विरते.

तपासणीच्या टेबलाशी बसलेल्या बाईने माझ्यावर तशीच दुसरी काच आडवी धरली. सगळे काळे झाले. "ही चालतेय," ती म्हणाली आणि मला डबीत घातले. माझ्यातून काहीच दिसेनासे झाले, म्हणून मी उत्तीर्ण झाले. हा विरोधाभास तेव्हा मला कळला नव्हता.

माझा पहिला मालक निवृत्त अभियंता होता. त्याने मला एका तळ्यावर नेले, कडी फिरवली, आणि पाण्यावरचे आभाळ पुसले जाऊन तळाचे गोटे दिसले तेव्हा दोनदा "वा!" म्हणाला. तिसरे "वा" माझ्या वाट्याला आले नाही. पुढची चार वर्षे मी संपलेल्या बॅटऱ्या आणि कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या यांच्या शेजारी एका खणात काढली. माणसे वस्तू उत्साहाने आणतात आणि कुतूहल फिटले की जपून ठेवतात. 'जपून ठेवली आहे' याचा अर्थ बहुधा 'विसरलो आहे' असा असतो, हे मी त्या खणात शिकले. शेवटी त्याच्या सुनेने खण रिकामा केला आणि मी जुन्या सामानाच्या दुकानात आले.

तिथून मला बाईंनी उचलले.

बाई गाड्यांची छायाचित्रे काढतात. लग्न-समारंभ नाही, देखावे नाहीत, गाड्या. भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपन्यांना, विक्रेत्यांना, क्वचित एखाद्या हौशी मालकाला आपली गाडी कागदावर हवी असते, त्यांच्यासाठी. दुकानात त्यांनी मला उजेडाकडे धरले, कडेकडेने पाहिले, दुकानदाराच्या घड्याळावर फिरवून पाहिले आणि म्हणाल्या, "पडदा कुठे सुटलेला नाही. चालेल." एवढेच. मला बरे वाटले. स्तुतीपेक्षा तपासणी मला अधिक मानवते.

घरी बाई आणि त्यांचे वडील, दोघेच. वडिलांना त्या आबा म्हणतात. आबांची उभी हयात छापखान्यात गेली. कागदाची कड डोळ्यांनी पाहून सरळ आहे की नाही ते सांगायचे, हे त्यांचे काम. आता ते मुलीच्या मदतीला असतात. माझे 'फिरकी' हे नाव त्यांनीच ठेवले.

"तुझ्या फिरकीला उठव," ते पिशवी उघडताना म्हणत. "आज कुणाकुणाला गायब करायचंय?"

"आबा, तिला बोटं लावू नका. कडेनं धरा."

"माहितेय गं. तुला कडेवर धरलंय मी, ही तर चकती आहे."

आबांचे काम काळे कापड धरण्याचे. ते का लागते, ते सांगते. काळी गाडी कधीच नुसती काळी नसते. समोर येईल ते ती अंगावर घेते: भिंत, तारा, झाड, छायाचित्रकाराचे गुडघे. पांढऱ्या गाडीवर हे सारे फिके पडते, काळीवर ठसठशीत उमटते. माझ्याकडून सगळे अडत नाही. गाडीचा प्रत्येक भाग वेगळ्या कोनात वळलेला; मला टपासाठी फिरवले की दारे उजळतात, दारांसाठी फिरवले की समोरची काच. म्हणून बाईंची पद्धत अशी. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट ठेवायचा, तसूभरही हलू द्यायचा नाही, आणि मला दरवेळी थोडे फिरवून सहा फ्रेम घ्यायच्या. एकीत बॉनेट स्वच्छ, एकीत टप, एकीत काच, एकीत मागचे दार, असे. मग संगणकावर सहांतले सहा स्वच्छ तुकडे जोडून एक गाडी तयार करायची. तेवढ्यानेही जे हटत नाही, त्याच्यासाठी गाडीच्या बाजूला लांबरुंद काळे कापड धरायचे, म्हणजे दारांत निदान काळेच उमटते. कापडाची एक काठी स्टँडमध्ये रोवलेली असे. दुसरी आबांच्या हातात, कारण बाईंच्या खुणेनुसार ती पुढेमागे करावी लागे.

कापड एकसंध नव्हते. दोन पट्ट्या जोडून बाईंनी ते घरीच शिवले होते. काठी सरळ असेपर्यंत त्याची वरची कड ताठ राही. काठी जराशी आत झुकली की शिवणीपाशी झोळ पडे.

हे ध्यानात असू द्या.

आणि आणखी एक, जे बाईंना माहीत नव्हते. आमची पिशवी आबांच्या खोलीतल्या फळीवर असते. गेले काही महिने आबा मुलीच्या आधी उठत, दार लोटून घेत आणि उजव्या खांद्याला मलम चोळत. हात खांद्याच्या वर नेताना त्यांच्या तोंडून बारीक आवाज निघे. मग ते हात धूत, मलमाचा वास जावा म्हणून खिडकी उघडत, आणि चहाच्या वेळी हसत बाहेर येत. काम बंद पडण्याची माणसांना दुखण्यापेक्षा जास्त भीती वाटते.

ती सकाळ एका बंद गोदामामागच्या फरसबंद आवारात गेली. भिंतीवरून ऊन खाली उतरण्याआधी तिथे अर्धा तास मऊ, सारखा उजेड असतो. कंपनीची लांब काळी गाडी घेऊन चालक आमच्याही आधी येऊन थांबला होता आणि फडक्याने दारे पुसत होता. चाळिशीचा, बारीक अंगाचा माणूस. गाडीभोवती तो असा वावरे की जणू आत कुणी झोपले आहे.

"गाडी आहे की आरसा?" आबा वाकून म्हणाले. "दाढी राहिलीय माझी. उरकून घेऊ का?"

"काका, जरा लांबून श्वास घ्या," चालक हसला. "लगेच धुरकटते. फार नाजूक आहे बाई."

"कोण, गाडी की आमची मुलगी?"

"आबा, कापड," बाई म्हणाल्या.

यानंतर बाईंनी माझी डबी बंद करून पिशवी लांब ठेवली. मला लेन्सवर बसवेपर्यंत त्या दोघांत आणि चालकात आणखी काय बोलणे झाले, ते मला माहीत नाही. मी डबीत होते. लेन्सवर आल्यानंतरचे माहीत आहे. बाईंनी बॉनेटसाठी मला फिरवले: पहिली फ्रेम. टपासाठी: दुसरी. पुढच्या दारासाठी: तिसरी. समोरच्या काचेसाठी: चौथी. चौथीच्या वेळी माझी दिशा दारांना उलटी होती, त्यामुळे दोन्ही दारांतली सगळी प्रतिबिंबे माझ्यातून सरळ आत गेली. पुढच्या दारात आबा दिसत होते; दोन्ही हातांनी काठी धरून, गालात जीभ घालून मुलीला वेडावत. त्यांच्यापासून कापडाची वरची कड एखाद्या बारीक रेघेसारखी मागच्या दारावर जात होती.

"आबा, सरळ!"

"सरळच आहे. आपल्या घरात माझ्याइतकं सरळ काही नाही."

मग पाचवी, मागच्या दारासाठी. बाईंनी मला सावकाश फिरवले. रेघ पुसट झाली, विरली. दार पूर्ण काळे झाले. "सुरेख," बाई पुटपुटल्या. दारावर जे काही लिहिलेले होते ते माझ्यात शिरले आणि तिथेच संपले. मी काही साठवत नाही. अडलेला उजेड माझ्यात किंचितशी ऊब होतो आणि जातो.

आठ दिवसांनी चौकशी अधिकारी घरी आले. हातात कंपनीच्या माहितीपत्रकातला बाईंचा फोटो होता.

हकिगत अशी. त्या दिवशी संध्याकाळी एका परिचारिकेला काळ्या गाडीने सायकलवरून पाडले. मांडीचे हाड मोडले. चाळीस मिनिटे ती रस्त्याच्या कडेला पडून होती. क्रमांक तिने पाहिला नाही. 'लांब काळी गाडी' एवढेच तिला आठवते. त्या वेळी त्या भागात असलेल्या गाड्यांत ही एक होती, आणि हिच्या मागच्या डाव्या दाराला सायकलच्या मुठीच्या उंचीवर पोचा होता. उथळ. रंग न उडालेला, पिठात अंगठा दाबावा तसा. चालकाचे म्हणणे, हा पोचा तीन दिवस आधीचा; विमानतळावर सामानाची ढकलगाडी लागली. नोंद केली असती तर गाडी हातून जाऊन दुसऱ्याला मिळाली असती, म्हणून तो गप्प राहिला. कंपनीने मात्र पोचा लक्षात येताच, धडकेच्या दुसऱ्याच दिवशी, दार ठोकून सरळ करून घेतले होते; गाडीला मागणी होती. गॅरेजच्या कागदावर एक ओळ राहिली: 'मागचे डावे दार, उथळ पोचा, एक.'

"त्याच सकाळचा हा फोटो," अधिकारी म्हणाले. "दार बघा, मॅडम. चकाचक. म्हणजे सकाळी पोचा नव्हता. संध्याकाळी झाला. सरळ आहे."

बाईंनी फोटो घेतला नाही. टेबलावरच राहू दिला.

"या फोटोत पोचा असता तरी दिसला नसता."

"म्हणजे?"

"काळ्या रंगावरचा उथळ पोचा कशानं दिसतो? त्याला स्वतःचा रंग नसतो, सावली नसते. त्याच्यावरून जाणारं प्रतिबिंब वाकतं, म्हणून तो दिसतो. आणि मी प्रतिबिंबं काढून टाकते. त्यासाठीच मला लोक बोलावतात."

"तुम्ही स्वतः गाडी पाहिलीत ना? डोळ्यांनी?"

"पाहिली. मला दिसला नाही. पण मी प्रतिबिंबं कशी घालवायची ते बघत होते. ती वाकडी आहेत की सरळ ते नाही."

अधिकाऱ्यांनी फोटो पुन्हा उचलून पाहिला. "मग बाकीच्या फ्रेम?"

बाईंची मान खाली गेली. जोडणी पूर्ण झाली की मूळ सहा फ्रेम पुसून टाकायच्या, हा त्यांचा शिरस्ता. अर्धवट, प्रतिबिंबांनी माखलेल्या फ्रेम जवळ ठेवणे त्यांना अस्वच्छ वाटे. भांडी घासून झाल्यावर खरकटे पाणी कुणी साठवत नाही, तसे.

"आबांची एक आहे," त्या एकदम म्हणाल्या.

चौथी फ्रेम त्यांनी पुसली नव्हती. आबा कुणालाही आपला फोटो काढू देत नाहीत. दारात सापडलेले वेडावणारे आबा त्यांनी घरच्या फोटोंत टाकून ठेवले होते. संगणकावर ती फ्रेम उघडली. बाईंनी आबांना बाजूला सारून मागचे दार मोठे केले.

कापडाच्या कडेची रेघ पुढच्या दारावर सुतासारखी सरळ होती. मागच्या दारावर, मध्याच्या थोडी पुढे, ती दोन बोटे खाली आली होती आणि पुन्हा वर गेली होती.

"आहे," अधिकारी म्हणाले. "पोचा आहे."

"किंवा कापडाला झोळ आहे," बाई म्हणाल्या.

"झोळ कसला?" आबा दारातूनच बोलले. "मी धरलं होतं. माझा हात हलला नाही. लिहून घ्या हो, साहेब. छत्तीस वर्षं कागदाची कड पाहिलीय मी. हात हलला नाही."

अधिकाऱ्यांनी लिहून घेतले. आबांनी सही केली, डावा हात टेबलावर टेकवून.

मी टेबलावरच्या उघड्या पिशवीत होते. मला खांदा माहीत होता. चौथ्या फ्रेमच्या क्षणी हात हलला की नाही, ते मात्र मलाही माहीत नव्हते. वाकलेली रेघ माझ्यातून गेली, पण उजेड वाटेत कुठे वाकला ते सांगत नाही. कापडापाशी वाकला काय, दारापाशी वाकला काय, माझ्यापर्यंत तो एकच होऊन आला.

दोन दिवसांनी चालक आला. खुर्ची दिली तरी तो कडेवरच बसला.

"ताई, साहेब म्हणाले तुमच्याकडं फोटो आहे. माझा जीव भांड्यात पडला बघा."

"अजून पडू देऊ नका," बाई म्हणाल्या. "त्यातून काय सिद्ध होतं ते मला माहीत नाही."

"पण काकांनी सांगितलंय ना? हात हलला नाही म्हणून? आणि मी त्या दिवशी तुम्हाला म्हणालो नव्हतो का, ताई, उजव्या बाजूनं घ्या, डावी नको म्हणून? आठवा की. पोचा माहीत होता म्हणून तर म्हणालो."

बाईंनी डोळे मिटले. खरोखर आठवण्याचा प्रयत्न केला. "काम करताना मला ऐकू येत नाही. तुम्ही म्हणाला असाल. नाही असं मी म्हणत नाही. पण आठवत नाही."

"म्हणालो हो."

"मी स्टँड आणायला गेलो होतो," आबा कसनुसे होऊन म्हणाले. "नाहीतर मी सांगितलं असतं."

"माझी गाडी काढून घेतलीय," चालक म्हणाला. "घरी बायकोला सांगितलंय, सुट्टी आहे. तीही काही विचारत नाही. तिला कळलंय म्हणून विचारत नाही." तो उठला. "त्या सिस्टरबाईंचं वाईट झालं. फार वाईट झालं. पण ती गाडी माझी नव्हती, ताई."

तो गेल्यावर आबांनी दार लावले.

"असा माणूस कुणाला रस्त्यात टाकून जाईल?"

"गाडी छान पुसतो, म्हणून तो खरं बोलतो असं नाही, आबा."

"तू फार कडक आहेस."

"चांगलं वागणं हा पुरावा नसतो. तिकडे एक बाई चाळीस मिनिटं पडून होती. तिनंही काही वाईट केलं नव्हतं."

पुन्हा त्याच आवारात, त्याच वेळी, त्याच कापडासह तीच फ्रेम घेऊन पाहायची, असे बाईंनी ठरवले. कंपनीने एका तासासाठी गाडी दिली. नवा चालक ती आणून उभी करून चहाला निघून गेला. दार आता सपाट होते. युक्तिवाद साधा होता. सपाट दारावर, सरळ धरलेल्या कापडाची रेघ कशी दिसते ते पाहायचे. ती मागच्या दारावर एरवीही जरा वाकत असेल तर चौथ्या फ्रेमला अर्थ नाही. नसेल, तर आहे.

मला बसवले. बाईंनी जुन्या चौथ्या फ्रेमच्या कोनाला मला आणले. "आबा, तयार?"

"केव्हाचा."

पहिली फ्रेम: रेघ सरळ. दुसरी: सरळ. बाईंचा श्वास थोडा सुटल्याचे मला ऐकू आले. त्यांनी क्रम मोडला नाही. त्या दिवशीसारखेच मधे थांबून माप घेतले, पाणपातळीवर कॅमेरा सपाट आहे का ते पाहिले, आणि मग तिसरी घेतली. मी समोर पाहत होते. सपाट दारावरची रेघ हळूहळू खाली येऊ लागली. एकाच ठिकाणी, शिवणीपाशी, मध्याच्या थोडी पुढे. पुढच्या दारातले आबा काठी धरून उभे होते. आज ते वेडावत नव्हते. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि उजवे कोपर थरथरत होते. बाईंनी चौथी घेतली तेव्हा रेघ दोन बोटे खाली होती.

बाईंनी कॅमेऱ्यावरून हात काढला. त्या चालत कापडापाशी गेल्या आणि काठी आपल्या हातात घेतली.

"केव्हापासून दुखतोय?"

"काय?"

"आबा."

आबा फरशीवर बसले, कापडाच्या सावलीत. "झाले असतील चार-पाच महिने."

"मला सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं तर तू दुसरा स्टँड आणला असतास."

"आणलाच असता."

"तेच म्हणतोय मी."

ऊन भिंतीच्या माथ्यावर आले होते.

"म्हणजे त्या दिवशीही झोळच होता," बाई म्हणाल्या.

"कशावरून?" आबांनी वर पाहिले. "आज हलला. हो, हलला. त्या दिवसाचं आजवरून कसं ठरवतेस? त्या दिवशी मी हसत होतो, तुझ्याच फोटोत बघ. दुखत असतं तर हसलो असतो?"

"तुम्ही रोज हसता. रोज दुखतं."

"त्या दिवशी नव्हता हलला."

"हे तुम्हाला आठवतंय, की तो माणूस आवडला म्हणून वाटतंय? की मला कळू नये म्हणून?"

आबांनी कापडाच्या कडेकडे पाहिले. छत्तीस वर्षे त्यांनी कड सरळ आहे की वाकडी हे एका नजरेत सांगितले होते. आता त्यांना विचारले जात होते ते स्वतःबद्दल.

"एका माणसाचं पोट आहे त्यावर, पोरी," शेवटी ते म्हणाले.

"आणि एका बाईचा पाय."

घरी बाईंनी दोन्ही फ्रेम शेजारी ठेवून मोजल्या. जुन्या फ्रेममधला उतार आजच्यापेक्षा किंचित तीव्र होता. पोच्यासारखा? असेल. पण वारा, शिवणीचा ताण, कापडाची घडी यांनीही तेवढा फरक पडू शकतो. त्यांनी चार वेळा मोजले आणि चारही आकडे लिहिले, एकमेकांशी न जुळणारे धरून. मग निवेदन तयार केले. मी टेबलावर, डबीबाहेर होते, म्हणून ते मला माहीत आहे:

'माहितीपत्रकातील छायाचित्रावरून दाराला पोचा नव्हता असा निष्कर्ष काढता येणार नाही. ती खूण मी माझ्या कामाच्या पद्धतीने स्वतः काढून टाकली असण्याची शक्यता आहे. चौथ्या फ्रेमवरून पोचा होता असाही निष्कर्ष काढता येणार नाही. तशीच खूण कापडाच्या झोळाने पडते, हे मी प्रत्यक्ष करून पाहिले आहे. मूळ फ्रेम मी पुसून टाकल्या. ही माझी चूक आहे.'

शेवटचे वाक्य त्यांनी एकदा खोडले आणि पुन्हा लिहिले.

त्यांनी कागद आबांसमोर ठेवला. आबांनी चष्मा लावून दोनदा वाचला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "एकही शब्द वाकडा नाही." मग चष्मा काढून म्हणाले, "पण मी माझं मागे घेणार नाही."

"घ्या असं मी म्हटलेलं नाही."

"तुला मी खोटा वाटतो?"

"नाही," बाई म्हणाल्या. "तुमचं म्हणणं खरं आहे की नाही, ते मला माहीत नाही. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आबा."

आबांनी मान हलवली. त्यांना ते पटले की दुखले, ते माझ्यासारख्या काचेला सांगता येणार नाही.

आता माझ्याविषयी. कडेपाशी माझा पडदा सुटू लागला आहे. उजेडाकडे धरले तर नखाएवढा इंद्रधनुषी डाग दिसतो. बाईंना तो दिसला आहे. बदलतील लवकरच, आणि ते योग्यच होईल. तोवर कामावर जाते. कापडाच्या दोन्ही काठ्या आता स्टँडमध्ये असतात. आबा घडीच्या खुर्चीवर बसून लांबूनच कड पाहतात आणि "डावीकडे जरा वर" म्हणतात. त्यांचे बरोबर असते. एक बदल मात्र बाईंनी माझ्याबाबतीत केला. मला बसवण्यापूर्वी त्या उघड्या लेन्सने एक फ्रेम घेतात. गाडी जशी असेल तशी, भिंत, तारा, स्वतःचे गुडघे यांच्यासकट, आणि ती पुसत नाहीत.

माझ्यासारखी काच तुमच्याही पिशवीत असेल, तर एवढेच मागते. मला वापरा, स्वच्छ काळे दार पाहून आनंद होतो आणि त्या आनंदात काही खोटे नाही. पण आधी एक फ्रेम माझ्याशिवाय घ्या. मी काय अडवले ते नंतर मला विचारू नका. मला ते सांगता येत नाही, आणि दुसऱ्या कुणापाशीही ते उरत नाही.

परिचारिका काठी घेऊन चालू लागली आहे. दुसरी कुठलीही गाडी सापडलेली नाही. चालक कंपनीत परत गेला नाही, त्याला बोलावलेही नाही. तो कुणाचीतरी मालवाहू गाडी चालवतो. प्रकरण बंद झालेले नाही, असे बाई घरी सांगतात. फाइलमध्ये आबांचा जबाब आणि बाईंचे निवेदन एकाच टाचणीने जोडलेले आहेत, खाली चौथ्या फ्रेमची छापील प्रत. तिच्यावर मागच्या डाव्या दारात, मध्याच्या थोडी पुढे, रेघ दोन बोटे खाली येऊन पुन्हा वर जाते. अधिकाऱ्यांनी तिथे पेन्सिलीने गोल केला आहे आणि त्याच्या बाहेर प्रश्नचिन्ह काढले आहे.